आतून लाल

"बाई, कागदावर गाडी लाल आहे," हवालदार म्हणाला. "लालच आहे," मी म्हणाले. ते इतकं सहज गेलं माझ्या तोंडून की त्यानं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे आणि मग माझ्याकडे, डोकं फिरलेल्या माणसाकडे बघतात तसं. कारण गाडी पोपटी होती. नुसती पोपटी असती तरी एक वेळ चाललं असतं. बॉनेटवर तंबू, तंबूवर चांदोबा, उजव्या दारावर शेकोटी नि गिटार, डाव्या दारावर गॉगल लावून अंगठा दाखवणारे आमचे हे, आणि मागे दहा आकडी मोबाइल नंबर, एकेक आकडा वीतभर. 'चांदणं कॅम्पिंग, पवना लेक, तिकोणा पेठ.' खंडाळ्याच्या त्या वळणावर माझ्यामागे गाड्यांची रांग लागलेली, हॉर्नचा नुसता कल्ला, नवरात्राची पाचवी माळ, आणि मी आपली शाळेतल्या सारिकाबाईंकडे सवाष्ण म्हणून जेवायला निघालेली, जरीकाठी साडी नेसून, नथ घालून. "ही लाल आहे?" त्यानं काठीनं चांदोबा दाखवत विचारलं. "आतून लाल आहे," मी म्हणाले. मग मात्र त्याला हसू आवरेना. मिशीवाला, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल. हसता हसता कागद परत देत म्हणाला, "मग बाहेर काढा की. मी सोडतोय. उद्या दुसऱ्या कुणी अडवलं आणि विचारलं, बाई, ही गाडी तुमची कशावरून, तर काय सांगाल?" मी हसले, गिअर टाकला, निघाले. सारिकाबाईंनी दोन पुरणपोळ्या आग्रहानं वाढल्या, वर तुपाची धार धरली, पण मला विचाराल तर त्या पोळीची चव आजही आठवत नाही. घास तोंडात आणि डोक्यात एकच. तुमची कशावरून. तुमची कशावरून.

माझी आहे ती गाडी. शाळेच्या ऑफिसात दाखले लिहून लिहून बोटाला घट्टा पडला तेव्हा कुठे घेतली, माझ्या नावावर, आणि रंगही मीच निवडला. शोरूममधला मुलगा म्हणत होता, मॅडम राखाडी घ्या, मळखाऊ असते. आयुष्यभर मळखाऊच नेसत आले होते मी. लोणावळ्याच्या चिखलात उजळ रंग नेसायची सोय कुठं असते? लग्नातला शालूसुद्धा सासूबाईंनी चिंचोक्याच्या रंगाचा घेतला, पुढं वापरता येईल म्हणून. मी त्या मुलाला म्हटलं, लाल. तो म्हणाला, लालला थांबावं लागेल. म्हटलं, थांबते. दसऱ्याला ती दारात आली आणि सहा दिवस लाल राहिली. सातव्या दिवशी आदिनाथ चिंचवडहून रॅपिंगची, म्हणजे गाडीभर छापील प्लॅस्टिक चिकटवणारी, दोन माणसं घेऊन आला. तोंडानं मी नवऱ्याला अहो म्हणते, पण मनात तो आदिनाथ, आणि मनात अरे-तुरेच. त्यानं मला विचारलं नव्हतं असं नाही. "शुभा, फिरती जाहिरात होईल. अख्ख्या मावळात नाव." तिकोणा पेठेच्या खाली धरणाच्या कडेला त्यानं जमीन भाड्यानं घेतली होती, पंधरा तंबू आणले होते, आणि बोलताना त्याचे डोळे असे चमकत होते की नाही म्हणायला माझी जीभच वळली नाही. कुणी मला बांधून ठेवलं नव्हतं. हो म्हणाले. ते हो मला पुढं सात वर्षं पुरलं.

कॅम्पिंग तीन वर्षं चाललं, छान चाललं. मग ज्याची जमीन त्यानं परत घेतली, तंबू माळ्यावर गेले, आदिनाथ लोकांना प्लॉट दाखवत हिंडायला लागला, आणि गाडी राहिली तशीच. शनिवार आला की सिग्नलला कुणीतरी काच वाजवायचं. "मॅडम, दोन टेंट, चार माणसं, बार्बेक्यू इन्क्लुडेड ना?" मी शाळेतून दमून येतेय, मागच्या सीटवर मेथीच्या जुड्या, आणि यांना बार्बेक्यू हवंय. गावात सगळे गाडीला ओळखायचे. कॅम्पिंगची गाडी आली, कॅम्पिंगची गाडी गेली. आत कोण आहे याच्याशी कुणाला काडीचं देणंघेणं नाही. दर गुरुवारी मी गाडीतूनच ज्या बाईकडून भाजी घ्यायचे, तिच्याकडे एकदा पायी गेले, तर तिनं मला मुंबईहून आलेली पाहुणी समजून जून गवार गळ्यात मारली. मी घरी येऊन ती गवार निवडत बसले आणि मला एकदम रडू आलं. गवारीसाठी कोण रडतं? पण आलं खरं. आणखी एक सांगते, कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी तळेगावला दवाखान्याच्या आवारात मी माझी गाडी दहा मिनिटं शोधत फिरले. समोरच होती. मी लाल शोधत होते.

पाचव्या माळेच्या त्या संध्याकाळी मी आदिनाथला सांगितलं, "रॅपिंग काढायचं म्हणतेय." तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "वेडी झालीस का? सात वर्षं झाली शुभा. गोंद आता रंगात मुरला असेल. ओढशील तर रंग सोलून येईल, खाली पत्रा निघेल पत्रा." वलवणच्या गॅरेजवाल्यानंही तेच सांगितलं, वर हात जोडले. ताई, मी हात लावणार नाही, नंतर तुम्ही माझ्या नावानं ओरडाल. "राहू दे ना, ब्रँड आहे तो," आदिनाथ म्हणाला. "उद्या परत सुरू केलं तर?" त्या उद्यावर मी कधी काही बोलत नाही. त्याचा तेवढाच एक उद्या आहे. पण रात्री पडल्या पडल्या मला त्या पोपटी कातड्याखालचा पत्रा दिसायला लागला, राखाडी, गंजाचे डाग पडलेला. खाली लाल उरलाच नसेल तर? मग मी सात वर्षं कसल्या भरवशावर मान वर करून हिंडले? रंग निघाला तर हवालदाराच्या प्रश्नाला उत्तर नाही, आदिनाथ खरा, गॅरेजवाला खरा, आणि मी आपली कॅम्पिंगची बाई, कायमची. आणि राहिला तर? तर लाल. एवढंच होतं ते, पण माझ्यासाठी ते सगळं होतं.

खंडेनवमीला मी रजा टाकली. दसऱ्याला गाडीची पूजा करायची तर ती गाडीची करायची, जाहिरातीची नाही, असं ठरवूनच टाकलं होतं. सकाळी शेजारच्या उम्मेहानीभाभींकडे गेले. भांगरवाडीत आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर आणि पुढच्या खोलीत पार्लर. अख्ख्या आळीच्या भुवया त्यांच्या हातून जातात. "भाभी, ड्रायर द्या दिवसभरासाठी." "कुणाचं लग्न आहे?" "गाडीचे केस वाळवायचेत." सगळं सांगितलं तशा त्या उठल्याच, गिऱ्हाइकांचा मोठा ड्रायर काढला, माझ्या हातात देत म्हणाल्या, "घे. आज तुमच्यात हत्यारं पुजतात ना? हे तुझं." आणि पार्लरला कुलूप घालून माझ्याबरोबर आल्या. मी खिडकीतून लांब वायर काढली, शाळेतली प्लॅस्टिकची फूटपट्टी घेतली, पदर खोचला. ऑक्टोबरचं ऊन अंगणात स्वच्छ पडलं होतं, भिंतींना अजून पावसाळ्याचं शेवाळ, आणि गाडी उभी होती माझ्याकडे टकामका बघत. धीर होत नव्हता, खोटं कशाला बोलू? बॉनेटकडे तर मी गेलेच नाही. मागून सुरुवात केली, मोबाइल नंबरापासून. गरम हवा लावली, कडा फूटपट्टीनं उचलली, बोटात धरली आणि वर खेचली. टर्रकन तुकडा हातात. "अगं बाई माझे, काय करतेस?" भाभी ओरडल्या. "वर नाही ओढायचं. वर ओढलं की कातडी येते. मागं ओढ, अंगाला लागून, एका हातानं दाबून धर." त्यांनी माझा दुसरा हात गाडीवर दाबून ठेवला, पार्लरमध्ये पोरींच्या पायावर ठेवतात तसा. "वॅक्सिंगमध्ये झटका द्यायचा. इथं तो नको. हे म्हातारं आहे, सावकाश घे." मी दाबून धरलं, सावकाश मागं नेलं, आणि नंबरातलं शेवटचं शून्य अख्खंच्या अख्खं उलटं होऊन माझ्या हातात आलं. त्याच्या जागी लाल होतं.

लाल म्हणजे काय सांगू? पिवळट गोंदाचा एक पापुद्रा वर, आणि त्याच्याखाली लाल, शोरूममध्ये पाहिला होता तसाच. सात वर्षं ऊन नाही, पाऊस नाही, बोट नाही. भाभींनी पार्लरमधलं वॅक्सिंगनंतर लावायचं तेल कापसावर घेतलं, गोंदावर चोळलं, गोंद गोळा होऊन निघाला आणि खाली मला माझं तोंड दिसलं, वाकडंतिकडं, घामेजलेलं, पण माझंच. "एक गेला, नऊ राहिले," भाभी म्हणाल्या. मग मी त्या नंबरावर तुटून पडले. आठ गेला, तीन गेला, परत शून्य गेलं. प्रत्येक आकड्यामागे मला कुणी ना कुणी आठवत होतं, काच वाजवणारं, बार्बेक्यू विचारणारं, गाडीमागून ओरडणारं. जा आता, लावा कुणाला फोन लावायचा तो. हवेचा अंदाज हाताला आपोआप कळायला लागला. बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतकी ऊब, जास्त नाही, कमी नाही. जास्त झाली की रॅपिंग च्युइंगमसारखं ताणतं, कमी झाली की मोडतं. गिटार निघाली, शेकोटी निघाली. उजवी बाजू अकरा वाजेपर्यंत लाल झाली होती आणि मी गुणगुणत होते, हे मला भाभींनी सांगितल्यावर कळलं.

पण बॉनेट होतं. तिकडं मी पाठ करून काम करत होते आणि तरी ते मला दिसत होतं, कारण सात वर्षं रोज तेच तर दिसत आलं समोर. स्टिअरिंगला बसलं की बरोबर डोळ्यांसमोर, बॉनेटच्या मधोमध, रॅपिंगचा एक फुगा. ताटलीएवढा. गाडीनं वेग घेतला की तो थरथरायचा, घाटात वारा शिरला की वरखाली व्हायचा. आदिनाथनं त्याला टाचणी टोचून पाहिली, परत फुगला. शेवटी त्यानं त्यावर चांदोबाचं जाड स्टिकर चिकटवलं, तर चांदोबाच थरथरायला लागला. तो फुगा माझ्या आईनं केला होता. म्हणजे सरुबाईनं. सुदुंबऱ्याहून ती दसऱ्याला मुद्दाम आली होती लेकीची गाडी बघायला, पिशवीत शेतातला झेंडू, आपट्याची पानं, कुंकवाचा करंडा. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "लाल गाडीवर लाल कुकू कसं दिसंल गं? हळद आन." मी हळद आणली, वाटीत पाणी घेतलं. "पानी नगं. तुमच्या लोणावळ्याचा पाऊस पान्यातली हळद ठिवल व्हय? त्याल आन." तेलात कालवलेल्या हळदीनं तिनं बॉनेटवर स्वस्तिक काढलं, सावकाश, जीभ दातांत धरून, चार घरांत चार ठिपके दिले. मग माझा हात धरला, अंगठा वाटीत बुडवला. "आता हितं खाली तू." "आई, मला कुठं चालवता येतं?" "येईल की. गाडी कुनाच्या नावावर हाय?" आणि माझा अंगठा तिनंच दाबला त्या लालवर. आदिनाथ बाजूला उभा राहून हसत होता. तेव्हा मीही हसले होते.

कोजागिरी झाल्यावरही ती दोन दिवस राहिली, म्हणून रॅपिंगवाले आले तेव्हाही होती. चिंचवडचा तो माणूस बाटली नि फडकं घेऊन हळद पुसायला पुढं झाला, तशी ही ओट्यावरून उठली. "आरं ए, हात लावू नगंस. देवाचं हाय त्ये. पुसायचं न्हाई. त्याचं त्ये जाईल." आदिनाथ म्हणाला, "आई, अहो खाली तेल राहिलं तर वरचं चिकटणार नाही." "न चिकटंना." आदिनाथ बाजूला झाला. आणि तो रॅपिंगवालाही आमच्यातलाच, त्याच्या घरीही नव्या गाडीला स्वस्तिक निघत असणारच. त्यानं कानाच्या पाळीला हात लावला, फडकं खिशात घातलं आणि हळदीवरूनच रॅपिंग ताणलं. कुठल्याही शहाण्या कारागिरानं जे केलं नसतं ते आमच्या अंगणात तीन शहाण्या माणसांदेखत झालं. आठ दिवसांत फुगा आला, आणि आदिनाथ महिनाभर माझ्या माहेराचा उद्धार करत होता. पुढं मी गाडी शिकले. एकेचाळिसाव्या वर्षी, पहाटे उठून, रिकाम्या बाजारातून. आई आजारी पडली तेव्हा तिला सुदुंबऱ्याहून तळेगावला मीच न्यायचे. ती पुढच्या सीटवर, पदर डोक्यावरून, नजर त्या थरथरत्या चांदोबावर. "आजून आसंल का गं आत?" "असेल की." "आसू दे." दर वेळी एवढंच. ती गेली त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर घाटात कधी एकटी असले की मी त्या फुग्याशी बोलायचे, हे आत्ता पहिल्यांदा कबूल करते.

दुपारी डावं दार घेतलं. आदिनाथचा चेहरा. तेवढ्यात तो स्वतःच फाटकातून आत आला, प्लॉटवाल्यांच्या गाडीतून सकाळपासून फिरून दमलेला, आणि जागीच थबकला. मी ड्रायर त्याच्या कपाळावर धरला होता, दारावरच्या. खरं सांगू? सकाळपासून मी या दाराची वाट बघत होते. तो गॉगल मी टराटरा फाडणार होते, अंगठा तर आधी. पण हात तसा चालेना. सकाळभर मागं ओढायची, सावकाश ओढायची सवय लागली होती, की दुसरंच काही होतं, देव जाणे. त्या फोटोत तो बेचाळीस वर्षांचा होता, पोट आत, केस काळे, आणि खरंच आनंदात होता बिचारा. तंबू लावलेल्या पहिल्या रात्रीचा फोटो, मीच काढलेला. मी कपाळापासून सुरुवात केली, एक हात दाबून, दुसरा मागं नेत, आणि तो केसांपासून कमरेपर्यंत अख्खा सुटत आला, कुठंही न फाटता. फक्त कानाशी अडकला. तिथं मी शिकताना गाडी फाटकाला घासली होती, तेवढाच पत्रा नंतर रंगवून घेतलेला, वर रॅपिंगचा नवा तुकडा. मी हळू घेतलं, आणखी हळू घेतलं, तरी टिकलीएवढा लाल कानाबरोबर निघून आलाच. खाली राखाडी. "बघ," आदिनाथ म्हणाला, "मी म्हटलं होतं." मी त्या ठिगळाकडे पाहिलं. "तो रंग नंतरचा आहे," मी म्हणाले, "आणि ते घासणं माझं आहे. राहू दे." आणि उरलेला नवरा सोडवून, गुंडाळी करून त्याच्या हातात दिला. त्याला वाटलं असावं मी चुरगाळून टाकीन. तो गुंडाळी हातात घेऊन उभाच राहिला. मग उलगडून बघितली, परत गुंडाळली. "बारीक होतो नाही गं?" तो म्हणाला. भाभींनी तोंड फिरवून हसू लपवलं. "होतात," मी म्हणाले. "आणि त्या वर्षी छान चाललं होतं." त्यानं गुंडाळी ओट्यावर, पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवली, बाह्या दुमडल्या आणि माझ्या हातून ड्रायर घेतला. "मी धरतो. तू ओढ."

टपानं जीव काढला. सात वर्षांचं ऊन तिथंच पडलेलं, रॅपिंग वाळून नखाएवढ्या टिकल्यांनी निघत होतं. दोन तास मी टपावर वाकले होते, मान गेली, नखं गेली, पाठ तर माझी राहिलीच नव्हती. सगळं सोडून आत जाऊन पडावं असं चारदा वाटलं. पाचव्यांदा भाभींनी चहा आणला, बरोबर खारी, आणि म्हणाल्या, "आता बसलीस तर उठणार नाहीस. उभ्यानं पी." उभ्यानं प्यायले. आदिनाथ घामाघूम होऊन ड्रायर धरून होता, त्याचा फोन दोनदा वाजला, त्यानं उचलला नाही. आणि मग टपही लाल झाला, आणि मग बॉनेटच राहिलं, आणि आम्ही तिघं त्याच्यापुढं येऊन उभे राहिलो. ऊन कलायला आलं होतं. गाडीचा रंग टिकला होता, पैज मी जिंकलेच होते, मग आता भीती कसली? पण आता मला गाडीची भीतीच नव्हती. आत काही नसेल तर. तेल उडून गेलं असेल, हळद विटली असेल, टाचणीच्या भोकातून पाणी शिरून नुसता गंज धरला असेल. सात वर्षं मी गंजाशी बोलत असेन तर. "भाभी, तुम्ही करता का?" मी म्हणाले. "मी का करू? आई तुझी," त्या म्हणाल्या.

कडांकडून आत आले मी, चारी बाजूंनी, तंबू काढले, चांदण्या काढल्या. मधे नुसता चांदोबा राहिला. आदिनाथ ड्रायर पुढं करायला लागला, तर मी नको म्हटलं. तिथं ऊब लागणारच नव्हती, तिथं ते कधी चिकटलंच नव्हतं. मी चांदोबाची कडा दोन बोटांत धरली आणि उलटली. हळद. पिवळी, दाट, गुळाच्या पाकासारखी घट्ट झालेली, आणि लालवर अशी उठून दिसत होती की भाभींच्या तोंडून "माशाअल्लाह" निघालं. स्वस्तिकाच्या चारी भुजा, एक जरा लांब, आईची नेहमीच व्हायची. चार ठिपके. आणि खाली अंगठा, त्यावरच्या रेषासुद्धा. "आई, आहे गं!" मी ओरडले. "आई, आहे आत!" अंगणभर ऐकू गेलं असेल, आळीभर गेलं असेल, जाऊ दे. मी रडत होते आणि हसत होते आणि माझ्या मळक्या, गोंदानं चिकट झालेल्या हातांनी तोंड पुसत होते, त्यामुळे तोंडाची काय दशा झाली असेल ती असो. आदिनाथ वाकून अंगठ्याकडे बघत होता. "हा तुझा?" त्यानं विचारलं. म्हणजे हसत उभा होता त्या दिवशी, पण पाहिलं त्यानं आज. "माझा," मी म्हणाले. त्यानं मान हलवली. मग तेलाचा कापूस घेऊन आजूबाजूचा गोंद काढायला लागला, आणि हळदीजवळ आला तशी मी म्हणाले, "तिथं हात लावू नका. पुसायचं नाही. त्याचं ते जाईल." माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही, इतका तो सुदुंबऱ्याचा होता.

दसऱ्याला सकाळी मी गाडीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. स्वस्तिक नवं काढलं नाही. भाभींना सोनं दिलं, त्यांनी माझ्या हातावर शीरखुर्म्याचा डबा ठेवला, म्हणाल्या, सोन्याला सोनं. सुदुंबऱ्याला भावाकडे जेवायला जायचं होतं. आदिनाथ सवयीनं उजव्या दाराकडे गेला, क्षणभर थांबला, आणि गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला येऊन बसला, त्या राखाडी टिकलीच्या दारातून. मी हमरस्त्यावर आले आणि उजवीकडे वळायच्या ऐवजी डावीकडे, खंडाळ्याकडे वळले. "इकडं कुठं?" "काम आहे." लिंबाचा वास, नव्या उन्हाचा वास, समोर लांबच लांब लाल बॉनेट आणि त्यावर हळद, आणि कितीही वेग घेतला तरी काहीच थरथरत नव्हतं. काच खाली केली. वारा तिच्यावरून जात होता, ऊन पडत होतं. आता ती विटेल, उडेल, दिवाळीपर्यंत फिकी पडेल, पुढच्या पावसात जाईल. आईनं सांगितलं होतं तसं तिचं ती जाईल, आता जायला मोकळी झाली होती. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

वळणावर सुट्टीची ही गर्दी. हवालदार तोच, मिशीवाला, हात दाखवून गाड्या पुढं काढत होता. मलाही त्यानं पुढं जायची खूण केली. गाडी त्यानं ओळखली नाही. मी बाजूला घेऊन थांबले आणि काचेतून कागद बाहेर काढला. "अहो बाई, तुम्हाला नाही थांबवलं, चला, चला," म्हणत तो जवळ आला, वाकून आत पाहिलं, आणि त्याची मिशी हलली. त्यानं कागद घेतलासुद्धा नाही. "तुम्ही त्या," तो म्हणाला, "आतून लाल!"

"हो," मी म्हणाले, "त्याच."